‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे

निळू फुले म्हटलं की हल्ली कुणीही मान तिरकी करतं, आवाज घोगरा काढतं आणि ‘बाई, वाड्यावर या’ म्हणून मोकळं होतं. स्नेहसंमेलनात तेच, हळदीत तेच, रीलवर तर विचारूच नका. मला हे बघवत नाही. राष्ट्र सेवा दलात घडलेला, आयुष्यभर चळवळींच्या बाजूने उभा राहिलेला एवढा मोठा नट आणि त्याच्या नावावर आपण शिल्लक काय ठेवलं, तर नकलाकारांनी घासून गुळगुळीत केलेलं एक वाक्य.

त्याच निळूभाऊंचा ‘सामना’ बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक मराठी घरात बघितला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी, कुठल्याही रस्त्याला लागा, दोन्ही अंगाला ऊस. गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागे बस तासन्‌तास अडकते. कारखाना म्हणजे काय, चेअरमन म्हणजे काय आणि चेअरमनचा शब्द म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ‘सामना’ त्याच जगातला. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठूनसा येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तरच्या कानावर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाचं नाव पडतं आणि तो एकच गोष्ट विचारत सुटतो : ‘मारुती कांबळेचं काय झालं?’

वाक्य बघा कसं आहे. टाळीची जागा नाही, यमक नाही. पंचनाम्यात शोभेल इतकं कोरडं. तरी पन्नास वर्षं टिकलंय. कारण ते ज्याला विचारलं जातंय त्याच्याकडे सत्ता आहे, पैसा आहे, माणसं आहेत, आणि उत्तर मात्र देता येत नाही. प्रश्न तोच, शब्द तेच, पण समोरचा निळूभाऊंचा चेहरा दरवेळी वेगळा. ते बघायला सिनेमाच बघावा लागतो. आमच्या भागातली जुनी माणसं अजूनही रस्त्याचं बिल निघालं आणि रस्ता नाही झाला की ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ एवढंच म्हणतात. बाकी काही बोलावं लागत नाही.

याच्यावर विचार करताना माझ्या लक्षात आलं की लोकांच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बरेचसे डायलॉग म्हणजे प्रश्न आहेत. ‘कितने आदमी थे?’ हा प्रश्न. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हाही प्रश्नच. ‘कुणी घर देता का घर?’ हे शिरवाडकरांनी १९७० मध्ये नाटकात लिहिलं, २०१६ मध्ये नाना पाटेकरांच्या तोंडी पडद्यावर आलं, तोही प्रश्न. आर्चीचं ‘इंग्लिशमध्ये सांगू?’ तसंच. प्रश्न विचारला की ऐकणारा उत्तराची वाट बघतो, आणि त्या वाट बघण्यातच सिनेमा असतो. रील नेमकं हेच कापतं. प्रश्न ठेवतं, उत्तर फेकून देतं. ‘वाड्यावर या’ हा तर हुकूम आहे, त्याच्यापुढे बघण्यासारखं काही उरतच नाही.

माझं माहेर निपाणी. आमचे अण्णा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ‘शोले’ त्यांनी आमच्यासारखा बघितला नाही, त्यांच्या पद्धतीने बघितला. गब्बरच्या तळहातावरची तंबाखू दिसली की त्यांची नजर त्याच्या अंगठ्यावर. अंगठा किती दाबतोय, कुठल्या बाजूने फिरवतोय, मळून झाल्यावर थापटतोय कसा. ‘बघ, बघ, त्येला घाई नाही,’ म्हणायचे. ‘ज्याला घाई नाही त्याला भ्यायचं.’ वखारीत आयुष्य गेलेला माणूस अमजद खानच्या अंगठ्यावरून गब्बर ओळखत होता. गब्बरच्या हातात नुसती बंदूक दिली असती तर तो चारचौघांसारखा दरोडेखोर झाला असता. हातात काय दिलंय यावर पात्र ठरतं, हे मी अण्णांकडून शिकले.

आता तो सीन आठवा. आधी नुसते बूट दिसतात. खडकावरून पट्टा घासत चाललाय, त्याचा आवाज. मग प्रश्न येतो, कितने आदमी थे. उत्तर मिळतं, दोन. मग पिस्तूल, तीन गोळ्या हवेत, राहिल्या तीन आणि समोर उभी माणसं तीन. तिघांवर चाप ओढतो, तिन्ही वेळा रिकामा. सगळे हसायला लागतात, तोही हसतो, डोंगरभर हसू पसरतं. आणि मग तिघेही मरतात. काय भीती आहे त्या हसण्यात! त्यातला कालिया म्हणजे आपले विजू खोटे. रामगढचे ते दगडी डोंगर बंगळूर-म्हैसूर वाटेवरच्या रामनगरचे, म्हणजे आपल्याच राज्यातले. सीमाभागातल्या मराठी माणसाने ‘शोले’वर हक्क सांगावा तो दोन्ही बाजूंनी.

तेव्हा पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीने ‘शोले’ची गाण्यांची निघते तशी डायलॉगचीही रेकॉर्ड काढली होती. मंडपात, हॉटेलात ती कर्ण्यावर लागायची. पडदा नाही, चित्र नाही, खरं लोक अख्खा प्रसंग कानांनी ऐकायचे, मधली शांतता आणि पावलांच्या आवाजासकट. म्हणून त्या पिढीला ‘कितने आदमी थे’च्या पुढचं आणि मागचंही पाठ होतं. माझ्या भाच्याला फक्त ते तीन शब्द येतात. त्याला विचारलं, पुढे त्या माणसांचं काय झालं? त्याला माहीत नव्हतं. पोरगं हुशार आहे, त्याच्यापर्यंत सिनेमा पोचलाच नाही.

आणि ठाकूरची शाल. होळीच्या हल्ल्यात बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते. वीरू ओरडतो, ठाकूर ती उचलून देत नाही. आपल्यालाही राग येतो, एवढा कसला हा माणूस? सगळी हकिगत कळेपर्यंत ती शाल आपण थंडीची शाल म्हणूनच बघत आलेलो असतो. मग वारा येतो, शाल खांद्यावरून घसरते आणि बाह्या रिकाम्या. जयच्या नाण्याचंही तसंच. दोन्हीकडे छापा आहे हे तो गेल्यावर कळतं आणि आधीची सगळी नाणेफेक पुन्हा डोळ्यांपुढून जाते. सलीम-जावेदच्या संवादांचं कौतुक सगळे करतात, मी त्यांना या शालीसाठी आणि नाण्यासाठी नमस्कार करीन.

लग्न होऊन वडगावात आले तेव्हा इथे माग होते, दिवसरात्र खडखडाट. मागावर बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं. आणि त्या ओरडण्यात ‘अशी ही बनवाबनवी’ सदा हजर. साडीचे पैसे कुणी बुडवले की आमचे दीर मागाच्या पलीकडून हाळी द्यायचे, ‘वैनी, सत्तर रुपये वारले!’ रक्कम कितीही असो, आमच्या गल्लीत बुडलेली उधारी म्हणजे सत्तर रुपये. १९८८ चा सिनेमा, वसंत सबनीसांची लेखणी, आणि अशोक सराफ-सुधीर जोशींची ती जुगलबंदी. घरमालक सरपोतदारांचा चेहरा आठवला तरी मला आजही हसू आवरत नाही.

पण या सिनेमाला नुसता हसवणारा म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. चार पोरं, पुण्यात खोली मिळत नाही. मिळते तिथे अट, जोडपीच पाहिजेत. बायका कुठून आणायच्या? म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य धनंजय मानेच्या तोंडून चुकीचं निघतं ते घाबरून निघतं. खोटं उघडं पडलं तर आज रात्री रस्त्यावर. ते घाबरणं अशोकमामांच्या डोळ्यांत आहे म्हणून आपण हसतो. नोकरीसाठी पुण्याला गेलेली आमच्याकडची पोरं हा सिनेमा का सोडत नाहीत, ते उगाच नाही.

‘धुमधडाका’तल्या ‘व्याख्या, विख्खी, वुख्खू’ला तर अर्थच नाही. तो ठसका आहे, आणि हातात पाईप नसता तर तो नसताच. मूळ कथा १९६४ च्या तमिळ सिनेमाची, हिंदीत १९६६ ला आली, कन्नडमध्ये शंकर नागला घेऊन १९७९ ला, आणि मराठीत १९८५ ला. ‘बनवाबनवी’सुद्धा हिंदीतून मराठीत आला आणि २००३ मध्ये कन्नडमध्ये गेला. ‘सैराट’चा कन्नड अवतार २०१७ ला आला, त्यातही रिंकू राजगुरूच. गोष्टी अशा इकडून तिकडे जात-येत राहिल्या आहेत. आपणच एकमेकांचे सिनेमे बघायला लाजतो.

म्हणून कन्नडबद्दलही लिहिते, आणि मनापासून लिहिते. आमच्या शेजारचं घर कन्नड. त्यांची नात फॅन्सी ड्रेसला कित्तूरची राणी चन्नम्मा होणार होती. पुठ्ठ्याची तलवार कापून तिला चंदेरी कागद मी चिकटवला. मुठीजवळ कागद सारखा सुटत होता, तिथे शेवटी दोऱ्याचे वेढे दिले. एवढीशी पोर कमरेला पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, ‘निमगेके कोडबेकु कप्पा?’ तुम्हाला खंडणी का म्हणून द्यायची? तलवार अजून म्यानातच, आधी प्रश्न. अंगावर काटा आला माझ्या.

बी. आर. पंतुलूंचा १९६१ चा ‘कित्तूर चेन्नम्मा’, राणीच्या भूमिकेत बी. सरोजादेवी. आपल्याच जिल्ह्यातली राणी, आपल्याच जिल्ह्यातला किल्ला. १८२४ मध्ये कंपनीशी लढली, कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला, आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेतच तिने प्राण सोडला. २०२५ च्या जुलैमध्ये सरोजादेवी गेल्या तेव्हा कर्नाटकभर हाच सीन फिरत होता. आमच्यातल्या किती जणांनी तो पूर्ण बघितला? भाषेवरून इथे काय काय झालंय ते मला ठाऊक आहे, मराठी शाळांसाठी मीही सह्या गोळा करत फिरले आहे, पुढेही फिरेन. पण राणीचा प्रश्न ऐकायला मला त्यातलं काहीच आड येत नाही.

कन्नडचे मोठे नट डॉ. राजकुमार, त्यांचा ‘कस्तुरी निवास’ (१९७१) मला त्याच शेजारणीने, सरोजक्कांनी, दाखवला. शेजारी बसून कानात सांगत होत्या, मध्यानंतर सांगायची गरज राहिली नाही. काडेपेटीचा कारखानदार, देता देता सगळं गेलेलं, उरलंय एक कबूतर. एकेकाळची जवळची बाई घरी येते. तिला जेवू घालायला घरात काही नसतं, त्यासाठी ते कबूतर विकलं जातं. आणि जेवण झाल्यावर ती सांगते, मुलीसाठी ते कबूतर मागायला आले होते. राजकुमारांचा हात आयुष्यात पहिल्यांदा रिकामा. सरोजक्का आणि मी, दोघींनी पदराने डोळे पुसले आणि बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. मराठीत लागूंना जे मानतो ते मी त्या दिवसापासून राजकुमारांना मानते.

तर सांगायचं कारण असं. यंदा आमच्या गल्लीच्या गणपतीत डीजेचे पैसे वाचवून तीन संध्याकाळी पडदा लावायचं ठरलंय. पहिल्या दिवशी ‘सामना’, दुसऱ्या दिवशी ‘कस्तुरी निवास’, तिसऱ्या दिवशी ‘बनवाबनवी’. कन्नड सिनेमा मराठी मंडळाच्या मांडवात कशाला, असं दोघातिघांनी विचारलं. त्यांना मी घरी बोलावून चहा दिला आणि शेवटची वीस मिनिटं लावून दाखवली. आता त्यातलेच एक खुर्च्या मांडायला येणार आहेत. कर्ण्याला रात्री दहापर्यंतच परवानगी, तेव्हा बरोबर सातला सुरू करणार. मध्ये आरती नाही, सत्कार नाही, भाषण नाही, सिनेमा अथपासून इतीपर्यंत सलग चालणार, हे मंडळाने लिहून दिलंय.

पडद्याचं कापड आमचं आम्ही शिवतोय. प्रोजेक्टर कुणाकडे असेल, किंवा ‘सामना’ची आवाज स्वच्छ असलेली प्रत असेल, तर इथेच सांगा. शहापूर, वडगाव, खासबाग, येळ्ळूर, कुठूनही असो, न्यायला माणूस पाठवते.