जबड्याचे दुखणे आणि न उघडणारे तोंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जबड्याच्या स्नायूंवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. जबडा दुखतो तो दाढेमुळेच, म्हणून शेक आणि विश्रांती सुचवणे म्हणजे रुग्णाचा वेळ घालवणे, हा पहिला. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या कडक भाकरी चावून खाल्ली तरी कोणाचा जबडा दुखला नाही, तेव्हा मऊ खाण्याचा सल्ला म्हणजे नसते लाड, हा दुसरा. तिसरा असा की, आपल्या सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्या भाच्याने लेख वाचून गाल शेकला, तरी त्याचे तोंड उघडेनासे झाले आहे. पहिल्या दोन मुद्द्यांवर माझे मत वेगळे आहे. तिसरा वाचून मात्र मला काळजी वाटली.

दाढ आधी तपासून घ्यावी, हे आपले म्हणणे रास्त आहे. पण दात आवळताच गालाच्या मागच्या बाजूला बोटांखाली जो टणक होतो, तो मॅसेटर स्नायू दुखावला की कळ दाढांत आणि कानात जाणवू शकते. कानशिलावरच्या टेम्पोरॅलिसची कळ वरच्या दातांत उतरते. त्यामुळे दुखणे स्नायूचे असताना निरोगी दाढेचे रूट कॅनाल होते आणि दुखणे जागच्या जागी राहते. थंड पाण्याने झिणझिण्या येणे, दाढेवर ठोकले की दुखणे, हिरडी सुजणे ही दाताची लक्षणे आहेत. याउलट सकाळी जबडा आखडलेला असणे आणि स्नायू दाबताच नेमके तेच ओळखीचे दुखणे उमटणे, हे स्नायूकडे बोट दाखवते. आपण सुचवलेला दाढा घासून चाव जुळवून घेण्याचा उपाय मी सुरुवातीला कोणालाही सुचवणार नाही, कारण एकदा घासलेला दात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

भाकरीबद्दल आपण आणि मी फारसे दूर नाही. निरोगी स्नायूला चावण्याचे काम झेपते. त्याला थकवते ते तोंडात घास नसताना दात आवळून धरणे. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरच्या आणि खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटर अंतर असायला हवे. यंत्रमागापाशी, विड्या वळताना किंवा संगणकासमोर मान खाली घालून तासन्‌तास काम करणाऱ्याचे दात नकळत एकमेकांवर टेकतात, आणि झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्रीही स्नायूला उसंत मिळत नाही. म्हणून मऊ खाणे काही दिवसांपुरतेच; तेवढे दिवस कडक भाकरी आमटीत कुस्करून खावी, जशी आपण एरवीही खातो. मुख्य उपाय दिवसभराचा आहे : आठवण होईल तेव्हा दात सुटे करावेत आणि जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकवावे. ओल्या गरम फडक्याने 15 ते 20 मिनिटे शेकून हलका मसाज करावा आणि दुखणार नाही इतपतच तोंड सावकाश उघडावे. रात्री लावायचा नाइट गार्ड दातांची झीज वाचवतो, दिवसाची सवय तो मोडत नाही.

(चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखून कानशील ठणकत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

आता आपल्या भाच्याविषयी. माव्यातील सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतुमय पट्टे तयार होतात, ते घट्ट होत जातात आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. शेक देऊन हे पट्टे सैल होत नाहीत. त्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात जात नसतील, शेंगाची चटणी खाताना तोंडाची आग होत असेल किंवा गाल आतून पांढुरका दिसत असेल, तर शंका अधिकच बळावते. मात्र यातले काही नसले, तरी मावा खाणाऱ्याचे तोंड उघडत नाही एवढेच कारण तपासणीला पुरेसे आहे. मावा आजच बंद करायला लावावा आणि याच आठवड्यात त्याला दंतवैद्याकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न्यावे. शक्य असेल तर आपण स्वतः सोबत जावे, कारण एकटा गेला तर किती वर्षे आणि दिवसाला किती मावा खातो हे तो सांगणार नाही, आणि डॉक्टरांना सर्वांत आधी तेच कळायला हवे.