थर्टी-थर्टी अजून का चालते? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे मुठीखालचा दांडा खाली-वर करून भरायच्या, रायफलींवरच्या माझ्या लेखाखाली 'एक जुना वाचक' या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. त्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या मते थर्टी-थर्टी (.३०-३०) या १८९५ सालच्या काडतुसाचं आज कौतुक करणं म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, आणि तेही काऊबॉयच्या सिनेमातून उसनं आणलेलं. आकड्यांत बघायचं तर ६.५ क्रीडमूर या लांब पल्ल्याच्या नव्या काडतुसापुढे थर्टी-थर्टी कुठेच उभी राहत नाही. 'जुन्या रायफलींचा मोह किती महाग पडतो ते आम्ही २६/११ ला सीएसटीवर पाहिलंय,' असंही तुम्ही लिहिलंत. शिवाय मराठी माणसाला हे शिकारीचं खूळ हवंय कशाला, हा टोला आहेच. आणि एवढं सगळं झाल्यावर, घ्यायचीच झाली तर कुठली घ्यावी, असंही विचारलंत. ते मला आवडलं.

सीएसटीचं आधी बोलू, कारण ते सगळ्यात गंभीर आहे. त्या रात्री तिथे काही पोलिसांच्या हातात जुन्या .३०३ होत्या, काहींच्या हातात नुसत्या लाठ्या, आणि समोर एके-४७. ज्याच्यावर उलट गोळीबार होणार आहे त्याच्या हातात बाबा आदमच्या काळातलं हत्यार देणं ही हेळसांड आहे, आणि तिचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण माझा लेख शिकारीच्या रायफलीवर होता. हरीण उलट गोळी झाडत नाही. लिव्हरच्या बाबतीत तर हा फरक लष्करांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखला होता. १८७७ साली बल्गेरियातल्या प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी विंचेस्टर कंपनीच्या १८६६ च्या लिव्हर रायफलीने रशियन फौजेची दाणादाण उडवली. पुढे पहिल्या महायुद्धात खुद्द रशियानेच विंचेस्टर १८९५ जवळपास ३ लाख मागवल्या. असे अपवाद सोडले तर मोठ्या सैन्यांनी लिव्हरला जवळ केलं नाही. जमिनीवर पालथं पडून गोळीबार करताना लिव्हर खाली ओढायला जागाच मिळत नाही, आणि सुरुवातीच्या विंचेस्टरची काडतुसं होती पिस्तुलाच्या ताकदीची. सैन्याने बोल्ट-अ‍ॅक्शन (बाजूचा दांडा हाताने उचलून मागे-पुढे करायची) घेतली, मग सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) घेतली, आणि ते बरोबरच केलं. लिव्हर शिकाऱ्याकडे राहिली ती त्याला नवं काही माहीत नव्हतं म्हणून नव्हे. त्याचं काम वेगळं होतं.

आता काऊबॉय. माझ्या लेखाचा विषय विंचेस्टरचं १८९४ मॉडेल हा होता. जॉन ब्राउनिंगने ते आखलं, आणि थर्टी-थर्टी हे धूर न करणाऱ्या दारूचं काडतूस त्यात आलं १८९५ ला. अमेरिकेच्या जनगणना खात्याने 'पश्चिमेची सरहद्द आता उरली नाही' असं जाहीर केलं ते १८९० च्या जनगणनेनंतर. म्हणजे ज्या काळाचे ते सिनेमे, तो काळ ही रायफल यायच्या आधीच संपला होता. १८७० च्या दशकातल्या गोष्टीत नायकाच्या हाती १८९२ चं मॉडेल देणं हा हॉलिवूडचा नेहमीचाच निष्काळजीपणा. 'जिने पश्चिम जिंकली ती बंदूक' हे बिरुदही कंपनीच्या जाहिरातखात्याचं. चौऱ्याण्णव खरी वापरली ती शेतकऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी, सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांनी आणि शनिवारी सुट्टी मिळाली की रानात जाणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी. ७० लाखांहून जास्त बनल्या. एवढ्या संख्येने जी वस्तू खपते ती सिनेमातल्या नायकांसाठी बनत नसते.

आकड्यांचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, उलट मीच ते नीट मांडतो. थर्टी-थर्टीची १७० ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची) गोळी नळीतून साधारण २,२०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. शंभर यार्डांवर नेम बसवला असेल तर दोनशे यार्डांवर ती आठेक इंच खाली लागते, आणि त्यापुढे तर दगडासारखी पडते. क्रीडमूर त्याच अंतरावर साडेतीन-चार इंचांच्या आत. पाचशे यार्डांवर तर तुलनाच नको.

पण पाचशे यार्ड दिसायला तर हवेत! मी पेनसिल्वेनियात राहतो. इथलं हरणाचं रान म्हणजे हेमलॉकची दाट झाडी आणि खाली माउंटन लॉरेलच्या कमरेपासून डोक्यापर्यंत वाढलेल्या सदाहरित जाळ्या. या जाळ्यांत हरीण दिसतं ते चाळीस-पन्नास पावलांवर, तेही अख्खं नाही. एक कान, पाठीची आडवी रेघ, शेपटीचा पांढरा झुबका. वेळ मिळतो दोन-तीन सेकंद. इथे ज्या रायफलीचा उपयोग होतो ती आखूड, हलकी आणि पटकन खांद्याला येणारी हवी. चौऱ्याण्णवची वीस इंची नळीची कार्बाइन तीन किलोच्या आसपास भरते. तिच्या पेटीच्या (यंत्र बसतं त्या मधल्या भागाच्या) दोन्ही बाजू सपाट आहेत आणि तोल बरोबर तिथेच आहे, त्यामुळे एका मुठीत धरून दिवसभर चालता येतं. दुर्बीण आणि बोल्टचा दांडा लावलेली रायफल अशी धरून बघा, संध्याकाळी मनगट सांगेल.

त्यात पेनसिल्वेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल आजही चालत नाही. म्हणजे दुसरी गोळी हातानेच भरायची. बोल्टला वर-मागे-पुढे-खाली अशा चार हालचाली, आणि सराव नसेल तर गाल दस्त्यावरून उठतोच. लिव्हरला दोन. बोटं लिव्हरच्या कड्यातच असतात. खाली ओढली की बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी वर उडते, घोडा चढतो आणि नवं काडतूस पाळण्यातून वर येतं. चौऱ्याण्णवमध्ये तर लिव्हरबरोबर पेटीचा सगळा तळच खाली उतरतो आणि आतलं यंत्र उघडं पडतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं. लिव्हर वर घेतली की काडतूस नळीत, बोल्टच्या मागे अडसराचा ठोकळा वर चढून पक्का. नजर काट्यावरून हललेली नसते. भरताना मात्र ही रायफल आपलं देणं वसूल करते. उजव्या बाजूच्या स्प्रिंगच्या झडपेतून एकेक काडतूस अंगठ्याने आत ढकलायचं, आणि थंडीत बधिर झालेला अंगठा त्या झडपेत चिमटला की आईबाप आठवतात.

धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा, त्यामुळे नवखा माणूस डोळे मिटत नाही आणि सराव कंटाळा न येता करतो. शिवाय ही मऊ टोकाची जड गोळी कमी वेगातही व्यवस्थित फुलते आणि जवळच्या अंतरावर मांसाचा चिखल करत नाही. ज्याला हरीण खायचंय त्याला हे कळतं. 

जुन्या लोकांचा एक दावा मात्र मी खोडूनच टाकेन, नाहीतर तुम्ही उद्या तोही माझ्या नावावर लावाल. 'जड, हळू गोळी काटक्या तोडत सरळ जाते' असं इथे अजून सांगतात. साफ खोटं. फांदीला लागलेली कुठलीही गोळी वाट बदलते, ती १८९५ ची असो वा कालची. मोकळी जागा मिळेपर्यंत थांबायचं, किंवा जाऊ द्यायचं.

'काडतूस जुनं म्हणजे टाकाऊ' या तुमच्या गृहीतकाबद्दल. ओहायोत हरणासाठी पूर्वी रायफल चालतच नसे. सपाट मुलूख, पलीकडे वस्ती, म्हणून शॉटगनच्या स्लगवर (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) भागवायचं. २०१४ पासून तिथे सरळ पुंगळीची काडतुसं चालू लागली, म्हणजे ज्यांची पुंगळी मानेकडे निमुळती होत नाही अशी. ती गोळी फार लांब जात नाही, एवढाच हेतू. परिणाम असा की .४५-७० हे १८७३ साली अमेरिकी सैन्यासाठी काळ्या दारूवर बनवलेलं काडतूस तिथे कायदेशीर, आणि तुमचं क्रीडमूर बाद! या नियमांसाठी कंपन्या नवी काडतुसं काढायला लागल्या. रेमिंग्टनने २०२३ ला .३६० बकहॅमर आणलं, ते थर्टी-थर्टीचीच पुंगळी सरळ करून, लिव्हरमध्ये चालावं म्हणून. 

आपल्याकडेही हेच झालंय. भारतात परवान्यावर मिळणारी .३१५ ची रायफल ईशापूरच्या सरकारी कारखान्यात अजून बनते. सैन्याच्या .३०३ ची गोळी सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी तो बोअर बंद केला, आणि १८८८ च्या ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसाचं हे भावंड शिकाऱ्यांसाठी उरलं. इंग्रज गेले, .३१५ राहिली. काडतूस जगतं-मरतं ते गोळीच्या वेगावर कमी आणि कायदा, जमीन, दुकानात मिळणं-न मिळणं यावर जास्त. थर्टी-थर्टीचा डबा अमेरिकेतल्या खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही सापडतो. आणि जिम कॉर्बेट तर तुम्ही वाचला असणारच. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ ला ज्या .२७५ रिग्बीने पडला, तिचं काडतूस म्हणजे १८९० च्या दशकातलं ७×५७ माउझर, फक्त नाव इंग्रजी. ते काडतूसही आज मिळतं आणि चालतं.

स्मरणरंजन आहेच, ते मी नाकारत नाही. १९६४ ला विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी चौऱ्याण्णवचं उत्पादन बदललं. पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढायचे भाग ठोकून आणि दाबून बनवायला लागले. गिऱ्हाइकाला ते हातात घेतल्याबरोबर कळलं. तेव्हापासून '६४ च्या आधीची' हा शब्दप्रयोग आणि तिची चढी किंमत दोन्ही रूढ झाले. यात भावना आहे, पण तिच्या मुळाशी लोखंडातला फरक आहे. न्यू हेवनचा कारखाना २००६ ला बंद पडला तेव्हा अनेकांनी लिव्हरचं तेरावं घातलं. मग २०२० मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत रुगरने मार्लिन ही लिव्हर बनवणारी कंपनी विकत घेतली, सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरला, आणि २०२४ ला स्मिथ अँड वेसनने स्वतःची लिव्हर बाजारात आणली. यावरून लोकांना ती हवी आहे एवढंच सिद्ध होतं, ती चांगली आहे हे नाही. काळ्या प्लास्टिकचा दस्ता, सायलेन्सरचे आटे आणि टॉर्चसाठी पट्ट्या लावलेल्या ज्या नव्या लिव्हर निघाल्यात, त्यांच्याबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

मराठी माणसाला कशाला, याचं उत्तर लांबवत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली आणि ती थांबायलाच हवी होती. कोकणात ठासणीच्या बंदुका घेऊन आजही चोरून रानात जातात त्यांचं मला काडीचं कौतुक नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. १९०० च्या सुमारास पेनसिल्वेनियातलं हरीण बेसुमार शिकारीने जवळपास संपलं होतं. १८९५ ला, म्हणजे थर्टी-थर्टीच्याच वर्षी, राज्याने गेम कमिशन नेमलं, १९०६ पासून बाहेरून हरणं आणून सोडली, मर्यादा घातल्या. आज ती इतकी आहेत की झाडांची रोपं वर येऊ देत नाहीत. १९३७ च्या केंद्रीय कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो वन्यजीवांवर खर्च होतो. परवाना काढून, नारिंगी जाकीट घालून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेलं हरीण. याला खूळ म्हणायचं असेल तर म्हणा.

आता तुमचा प्रश्न, कुठली घ्यावी. चाळिशी लागली असेल तर मार्लिन ३३६. तिचा माथा बंद आहे आणि पुंगळी बाजूने उडते, त्यामुळे दुर्बीण सरळ वर बसते. जुन्या चौऱ्याण्णवची पुंगळी थेट वर उडते. १९८० च्या दशकात कंपनीने ती तिरकी उडेल असा बदल केला, तेव्हा कुठे तिच्यावर दुर्बीण धड बसायला लागली. डोळे शाबूत असतील तर चौऱ्याण्णव आणि मागे भोकाची साइट. दोन्हींत एक पथ्य: काडतुसं नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक असतात, एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर) टेकलेलं. टोकदार गोळी भरलीत तर धक्क्याने आतच बार उडू शकतो. म्हणून चपट्या टोकाची गोळी, किंवा हॉर्नडीची रबरासारख्या मऊ टोकाची, जी खास याचसाठी निघाली.

आणि लिव्हर हवी पण टोकदार गोळीही हवी, असा तुमच्यासारखा आकडेबाज शिकारी असेल, तर त्याचं उत्तर आर्थर सॅव्हेज नावाच्या जमैकात जन्मलेल्या माणसाने १८९९ लाच देऊन ठेवलंय. त्याच्या मॉडेल ९९ ला नळीचं मॅगझिनच नाही. पेटीत पितळेचं फिरतं चाक, त्याच्या खाचांत काडतुसं बसतात, टोक कुणाला टेकत नाही. बाहेर घोडा दिसत नाही, आणि डाव्या अंगाला एका छोट्या भोकात आकडा दिसतो, किती उरली त्याचा. १९१५ ला याच रायफलीसाठी .२५०-३००० आलं, ३,००० फुटांचा वेग जाहिरातीत मिरवणारं, १९२० ला .३०० सॅव्हेज, ज्याच्या पुंगळीवरच्या प्रयोगांतून पुढे .३०८ जन्मलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती बनायची थांबली, त्यामुळे जुन्या बाजारातच शोधावी लागेल. .३०० सॅव्हेजमध्ये मिळाली तर घ्या, दस्त्याच्या मनगटाला चीर गेलेली नाही ना तेवढं उजेडात धरून बघा, आणि बोल्टच्या मागच्या टोकाशी पेटीचं लोखंड पिचलेलं नाही ना तेही. पैसे द्यायच्या आधी एखाद्या बंदूकदुरुस्तीवाल्याला दाखवा.