जर्मनी बुडाला म्हणे! मामांच्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या मामांनी काल फॅमिली ग्रुपवर 'जर्मनीने दया दाखवली आणि देश घालवला' असा लांबलचक मेसेज टाकला, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का, खाली मावशीचे तीन नमस्कार. मजकूर थोडक्यात असा: 2015 मध्ये तेव्हाच्या चान्सलर मर्केलबाईंनी निर्वासितांना दारं उघडली, दहा लाख फुकटे घुसले, प्रत्येकाला महिन्याला 3000 युरो आणि फ्लॅट, काम कोणी करत नाही, जर्मन म्हातारे मात्र कचराकुंडीतून बाटल्या वेचतात, हे सगळं युरोपियन युनियनचं पाप, आता जनता जागी झालीये आणि परदेशी लोकांच्या विरोधातल्या एएफडी पक्षाला मतं देतीये, आपल्या भारतीयांना त्यांच्यापासून काही भीती नाही. मी स्टुटगार्टला राहतो हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहितीये, पण मला विचारावं असं एकालाही वाटलं नाही. मामा, राग मानू नका, पण आता ऐकाच.

3000 युरो हा आकडा कुठून आला देव जाणे. आश्रय मागणाऱ्या एकट्या माणसाला 2025 मध्ये महिन्याला 441 युरो ठरले होते, आदल्या वर्षी 460 होते, म्हणजे उलट कमी झाले. कॅम्पात जेवणखाण मिळत असेल तर त्यातूनही कापतात. बऱ्याच ठिकाणी आता हे पैसे कार्डावर येतात आणि रोख साधारण 50 युरोच काढता येतात. फ्लॅटचं तर बोलूच नका, इथे आम्हाला पगार दाखवून फ्लॅट मिळत नाही.

दारं उघडली म्हणे. शेंगेनमुळे, म्हणजे युरोपातल्या देशांनी आपापसातली सीमेवरची तपासणी काढून टाकायचा जो करार केलाय त्यामुळे, ऑस्ट्रिया-जर्मनी सीमेवरची दारं आधीपासूनच उघडी होती, बाईंनी ती बंद केली नाहीत एवढंच.

कोणी काम करत नाही? सुरुवातीचे तीन महिने, आणि कॅम्पात असेल तर सहा महिन्यांपर्यंत, त्यांना काम करायला कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे आधी हात बांधायचे आणि मग आळशी म्हणायचं. त्यानंतरचं बघायचं तर न्युरेनबर्गला आयएबी नावाची संस्था आहे, सरकारी रोजगार खात्याचीच संशोधन शाखा, ती ह्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहे. त्यांच्या अहवालात 2015 ला आलेल्यांपैकी 64 टक्के लोक 2024 पर्यंत नोकरीला लागलेले होते, अख्ख्या जर्मनीचं प्रमाण 70 आहे. नुसते पुरुष घेतले तर 76, म्हणजे सरासरीच्याही वर. सिरियन डॉक्टरच इथे सहा हजारांच्या आसपास आहेत, परदेशी डॉक्टरांमध्ये सगळ्यात मोठा गट त्यांचा.

बरं, एक गोष्ट कबूल करावी लागेल, नाहीतर कोणीतरी लिंक घेऊन येईलच. ब्युर्गरगेल्ड म्हणून जो सरकारी भत्ता आहे तो घेणाऱ्यांत जवळपास निम्मे परदेशी पासपोर्टवाले आहेत, आणि लोकसंख्येतला त्यांचा वाटा बघता हे प्रमाण जास्तच आहे. त्यात युद्धामुळे आलेले युक्रेनी आहेत, लहान मुलं आहेत, नोकरी करूनही भागत नाही म्हणून वरची भर घेणारे आहेत, तरीही आकडा मोठा आहे. आणि आयएबीच्या त्याच अहवालात निर्वासित बायकांचं नोकरीचं प्रमाण फक्त 35 टक्के आहे. पाळणाघरात जागा नाहीत, भाषेच्या क्लासला वेटिंग, हे सगळं खरं असलं तरी दहा वर्षांत ह्यावर सरकारने फार काही केलं नाही हेही खरंच.

पण त्या बाटल्या! हा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं. बाटल्या वेचणारे म्हातारे खरे आहेत, मी रोज बघतो. स्टेशनवर एक आजोबा येतात, इस्त्रीचा शर्ट, आधी मोबाईलच्या टॉर्चने डब्यात बघतात आणि मगच हात घालतात. प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की 25 सेंट, बिअरची असेल तर 8. पण ह्या आजोबांची पेन्शन सिरियातून आलेल्या कोणी पळवली का? इथे पेन्शन ठरते तुम्ही आयुष्यभर काय कमावलं त्यावर. 2003 ते 2005 मध्ये तेव्हाचे चान्सलर श्रोडर ह्यांच्या सरकारने ज्या 'सुधारणा' केल्या त्यात कमी पगाराच्या नोकऱ्यांचं पीक आलं, आणि किमान वेतनाचा देशभरचा कायदा लागू झाला तो थेट 1 जानेवारी 2015 ला, तासाला साडेआठ युरो. तोपर्यंत ज्यांनी तुटपुंज्या पगारावर दिवस काढले, ज्या बायका मुलांसाठी घरी बसल्या, त्यांची पेन्शन निर्वासित यायच्या आधीच आटलेली होती. आणि आपल्या पीएफसारखे हे पैसे स्वतःच्या खात्यात साठत नाहीत, आज कमावणारे आजच्या म्हाताऱ्यांना पोसतात. माझ्या पगारातून दर महिन्याला 9.3 टक्के पेन्शनला जातात, तेवढेच कंपनी भरते. आमच्या 42 नंबरच्या बसचा ड्रायव्हर अलेप्पोचा आहे, त्याच्याही पगारातून तेवढेच टक्के जातात. म्हणजे मामा, तुमच्या मेसेजमधले फुकटे आजोबांची पेन्शन भरतायत!

युरोपियन युनियनवर तर दोनच वाक्यं लिहिणार होतो, पण झोलिंगेन शहराचं उदाहरण सगळे देतात म्हणून लिहितो. ऑगस्ट 2024 मध्ये तिथे जत्रेत चाकूहल्ला झाला, तीन जण गेले, हल्लेखोर सिरियन. भयंकर प्रकार. पण युनियनच्या डब्लिन नियमानुसार (माणूस युनियनमध्ये ज्या देशातून आधी शिरला, सहसा त्यानेच त्याचा अर्ज बघायचा) त्याला 2023 मध्येच बल्गेरियाला परत पाठवायचं होतं, पोलीस न्यायला गेले तेव्हा तो जागेवर नव्हता, परत कोणी गेलं नाही, मुदत संपली. युनियन मोडली तर 'हा माणूस तुमचा, घ्या परत' असं बल्गेरियाला कुठल्या नियमाने सांगणार? 2024 मध्ये युनियनच्या देशांचा नवा करारही झाला, जून 2026 पासून लागू, प्रत्येक देशाने लोक सामावून घ्या नाहीतर माणशी 20,000 युरो भरा. सीमेवर लोकांना अडकवून ठेवायची त्यातली कलमं मला अजिबात पटत नाहीत, पण ओझं वाटून घ्यायची निदान सुरुवात तरी आहे.

आता शेवटचं, भारतीयांना भीती नाही म्हणे. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडी 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला. त्याच्या महिनाभर आधी त्यांच्या नेत्या वायडेलबाई भर अधिवेशनात परदेशी लोकांना मोठ्या प्रमाणावर परत पाठवायचं बोलल्या. 2023 च्या शेवटी पोट्सडामला एक गुप्त बैठक झाली, त्यात ह्या पक्षाचे लोक होते, आणि करेक्टिव ह्या शोधपत्रकारांच्या बातमीनुसार तिथे जर्मन पासपोर्ट असलेल्यांनाही कसं घालवता येईल ह्याची चर्चा झाली. म्हणजे पासपोर्ट काढूनही उपयोग नाही. माझ्याकडे तर नुसतं ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणारा इथे राहून काम करायचा परवाना, आहे, आणि तेही युरोपियन युनियनच्याच कायद्यातून आलंय, सगळ्यात जास्त भारतीयच घेतात. आणि मामा, तुमचीच चिऊ सांगलीत जर्मन भाषेची बी-टूची परीक्षा द्यायची तयारी करतेय ना, नर्स म्हणून इथे यायला? महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ज्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला ते माझंच राज्य, बाडेन-व्युर्टेमबर्ग. ती इथल्या ट्राममध्ये चढेल तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बी-टू लिहिलेलं नसेल, समोरच्याला ती सिरियाची का सांगलीची ते कळणार नाही आणि कळून घ्यायचंही नसेल.

विश्वास बसत नसेल तर 2000 सालचं बघा. जर्मन सरकारने परदेशी कॉम्प्युटरवाल्यांसाठी ग्रीन कार्ड नावाचा कामाचा परवाना काढला, तेव्हा निर्वासितांचा विषयही नव्हता, पक्षही एएफडी नव्हता, मर्केलबाईंच्याच सीडीयूसारखा सभ्य म्हणवणारा पक्ष, आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत त्यांच्या र्‍युटगर्स साहेबांच्या प्रचारातून घोषणा निघाली की भारतीय नकोत, आपली पोरं शिकवा. रोख थेट आपल्या इंजिनियर लोकांवर. साहेब तेव्हा हरले, पण 2005 मध्ये त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. आणि त्या ग्रीन कार्डाला 20,000 ची मर्यादा होती ती शेवटपर्यंत भरली नाही, आपली बरीच मंडळी सरळ अमेरिकेला गेली.