पोटगीचे '२५ टक्के' कुणी ठरवले?

पंधरा दिवस झाले, आमच्या भावकीच्या ग्रुपवर आणि गावच्या अजून दोन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हणे लेकराच्या पोटगीचा सरळ हिशोब दिलाय: बापाच्या पगाराचे २५ टक्के, आई कमावती असली तर शून्य, बापाच्या नावावर जमीन नसली तर काहीच नाही, लेकरू १८ चं झालं की बंद, आणि आई भेटू देत नसेल तर बापानं पैसे थांबवले तरी चालतं. खाली 'जास्तीत जास्त बांधवांपर्यंत पोचवा'. मी वकील नाही, पण बहिणीच्या १२५ च्या (फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम) केसपायी अडीच वर्षं तारखा केल्यात, त्यामुळं हे वाचून गप बसवत नाही.

आधी ते २५ टक्के. कायद्यात असा आकडाच नाही. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला पश्चिम बंगालच्या एका केसमधे म्हणलं होतं की बायकोला नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य धरता येईल, तिथून हे उचललंय. पण मजा अशी की त्याच केसमधे नवऱ्यानं दुसरा संसार मांडला होता म्हणून हायकोर्टाचे महिना २३ हजार खाली आणून २० हजार केले, म्हणजे ज्या निकालाचा दाखला देताय तिथंसुद्धा टक्केवारी सरळ लावली नाही. इंग्लंडमधे आहे तसा ठरलेला हिशोब, एका लेकराला कमाईच्या १२ टक्के, दोघांना १६, आणि लेकरू बापाकडं किती रात्री राहतं त्यावर कपात. आपल्याकडं तसा तक्ता नाही. लेकराचं खाणं, कपडे, राहणं, दवाखाना, शाळा आणि दोघांची ऐपत बघून जज आकडा ठरवतो.

आता जमिनीचं, कारण आपल्या मराठवाड्यात खरी मेख इथंच आहे. पगारदाराची स्लिप तरी असते, शेतकऱ्याचं काय? नोटीस यायच्या आधीच जमीन भावाच्या नावावर करायची आणि कोर्टात सांगायचं की मी मजूर आहे, हा प्रकार लई चालतो, आमच्या दाजींनी पण तेच केलं. पण रजनेश विरुद्ध नेहा या केसमधे (ही आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातूनच वर गेलेली) सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र भरायला लावलं, आणि त्यात शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुना दिलाय! जमीन किती, बागायत का कोरडवाहू, कोणती पिकं, गुरंढोरं किती, कर्ज किती, मागच्या तीन वर्षांचं शेतीचं उत्पन्न किती, सगळं लिहावं लागतं. आम्ही सातबारा, फेरफार, मोंढ्यातल्या आडतीवरच्या सोयाबीनच्या पट्ट्या आणि कारखान्याचं उसाचं बिल जमा झालेला खातेउतारा असं एकेक करून लावलं, अन् मजूर म्हणवणाऱ्या माणसाच्या ट्रॅक्टरचे हप्ते वेळेवर कसे जातात हे त्यांच्या वकिलाला सांगता येईना. पोटगीचं कोर्ट फेरफार रद्द करत बसत नाही हे खरं, पण ऐपत बघताना त्यानं डोळे झाकावेत असं पण कुठं नाही. आणि खरंच काही नसेल तरी धडधाकट माणसानं अंगमेहनत करून बायको-लेकरं सांभाळावीत हे सुप्रीम कोर्टानं २०२२ ला परत सांगितलंय, त्यामुळं नोकरी सोडून घरी बसणाऱ्यांनी पण हे वाचावं.

आई कमावती असली की शून्य? नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात लेकराची जबाबदारी आई-बाप दोघांवर आहे, आणि रजनेशच्या निकालात लिहिलंय की आईची कमाई पुरेशी असेल तर लेकराचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटावा. म्हणजे समजा बाप ४० हजार कमावतो, आई २० हजार, अन् लेकराचा खर्च ९ हजार, तर बापाकडं साधारण ६ हजार येतात. कोर्ट एवढं काटेकोर गणित करतंच असं नाही, पण शून्य कुठून आलं ते मेसेजवाल्यानं सांगावं. बायकोची पोटगी आणि लेकराची पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बायको विनाकारण नांदायला येत नाही म्हणून तिची नाकारता येते, लेकराची नाही.

१८ चं थोडं खरंय. १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय, तरी कोर्टाच्या आवारात अजून सगळे एकशेपंचवीसच म्हणतात) सज्ञान झाल्यावर बंद होते, पण अपंगत्वामुळं स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या लेकराची चालू राहते, आणि लग्न न झालेली मुलगी स्वतःचं भागवू शकत नसेल तर १९५६ च्या कायद्याखाली बापाकडं मागू शकते.

भेटू देत नाही म्हणून पैसे बंद करणं तर सरळ अंगाशी येणारं आहे. भेटीसाठी वेगळा अर्ज टाका, जरूर टाका, काही आया खरंच अडवतात आणि ते चूकच आहे. पण थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत जेल होऊ शकते, आणि जेल भोगून आला तरी थकबाकी फिटत नाही, हे १९८९ पासून ठरलेलं आहे. फक्त बायांनो, १२५ (आताचं १४४) खाली वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागतो, 'देईल की' म्हणत बसू नका.

आणि पोटगी धरली जाते अर्ज टाकल्याच्या तारखेपासून, निकालाच्या नाही. आमच्या भाच्याला महिना चार हजार मंजूर झाले तेव्हा मागचे सगळे महिने मोजून मिळाले, ते पण तीन हप्त्यांत. तेव्हा तो तिसरीत होता, आता सातवीत गेलाय, स्कूल बस लागलीय, गणिताचा क्लास लागलाय. नव्या संहितेच्या कलम १४६ खाली पोटगी वाढीचा अर्ज टाकलाय, फीच्या पावत्या जोडून. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.