आधी उतारा काढा

"जमीन तुमची होती असं माईकवर म्हणायचं आणि लगेच 'चहाची सोय मागच्या हॉलमध्ये आहे' सांगायचं! ही कसली कबुली?" संज्या भडकला होता.

त्याची पुतणी अमेरिकेत मिनेसोटाला एमएस करते. तिनं विद्यापीठातल्या एका समारंभाची क्लिप पाठवलेली. सुरुवातीला एक बाई कागदावरून वाचतात की हे विद्यापीठ डकोटा या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर उभं आहे. सगळे माना खाली घालतात, मग स्वागतगीत.

मी म्हटलं, "निदान बोलतात तरी. आपल्याकडे कोण बोलतं?"

अण्णा तलाठी म्हणून रिटायर झालेत. क्लिप संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "गट नंबर किती?"

आम्ही हसलो. मेघा हसली नाही. ती कॉलेजात इतिहास शिकवते. "अण्णा, तिथं खरंच कुणीतरी गट नंबर शोधलेत," ती म्हणाली आणि मग कट्टा तिच्याच ताब्यात गेला.

१८६२ च्या जुलैमध्ये लिंकननं मॉरिल कायद्यावर सही केली. राज्याचे अमेरिकी संसदेत जेवढे खासदार, त्या प्रत्येकामागे ३०,००० एकर सरकारी जमीन. ती विकायची आणि त्या पैशातून शेती नि इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं काढायची. पूर्वेकडच्या ज्या राज्यांत सरकारी जमीनच उरली नव्हती, त्यांना चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी घेणाऱ्यानं पश्चिमेकडे जाऊन जमीन निवडायची.

"थांब. सरकारी झाली कशी? तो फेरफार दाखव आधी," अण्णा म्हणाले.

कधी तह करून, कधी तहाच्या मागे बंदूक उभी करून, कधी तहाविनाच. २०२० मध्ये एक इतिहासकार आणि एक पत्रकार यांनी हे सगळं जुळवून प्रसिद्ध केलं: सुमारे ८०,००० तुकडे, जवळजवळ २५० जमातींकडून गेलेली सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन आणि तिच्यावर पोसलेली ५२ विद्यापीठं. अण्णांनी मोबाइलवर हिशेब केला. महाराष्ट्राचा सातवा हिस्सा भरतो. एवढ्या जमिनीपोटी सरकारनं त्या जमातींना दिले चार लाख डॉलरपेक्षा कमी, आणि पुष्कळांना तर छदामही नाही.

"कॉर्नेल विद्यापीठ त्यातच?" संज्यानं विचारलं. रतन टाटा तिथं शिकले, एवढं त्याला ठाऊक होतं.

कॉर्नेलची गोष्ट तर भारीच आहे. न्यूयॉर्कच्या वाट्याला ९,९०,००० एकरांच्या चिठ्ठ्या आल्या. बाकीच्या बहुतेक राज्यांनी आपापल्या चिठ्ठ्या मिळेल त्या भावानं फुंकून टाकल्या. विद्यापीठाचा संस्थापक एझ्रा कॉर्नेलनं मात्र विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगलं निवडून घेतली आणि त्यानं नि त्याच्यामागे विद्यापीठानं लाकडाचा भाव चढेपर्यंत कळ काढली. त्यातून विद्यापीठाला सुमारे ५० लाख डॉलर सुटले. ती जंगलं ओजिब्वे लोकांची.

"पक्का एजंट," अण्णा म्हणाले. आवाजात थोडं कौतुकच होतं म्हणा ना.

संज्या ऐकेना. "पण शेतकऱ्यांची पोरं शिकली ना त्या कॉलेजांत? आणि आपली कृषी विद्यापीठं कुणाच्या नमुन्यावर उभी राहिली? पंतनगर १९६० ला, तेही इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं. मग राहुरी १९६८. अण्णा, तुमच्या रानात फुले २६५ ऊस आहे ना? तो राहुरीच्याच पाडेगावच्या केंद्रातला. फायदा तर तुम्हीही खाल्लाय."

मुद्दा बिनतोड होता. अण्णा क्षणभर गप्प झाले.

मेघा म्हणाली, "विद्यापीठं बंद करा असं कोण म्हणतंय? पण मॉरिल कायद्याच्याच वर्षी, २६ डिसेंबरला, मिनेसोटातल्या मॅनकेटोत ३८ डकोटांना एकाच वेळी फासावर चढवलं. त्या हुकमावरही लिंकनचीच सही. पुढच्या वर्षी कायदा करून डकोटांना राज्यातूनच हाकललं. तुझ्या पुतणीच्या समारंभातल्या कागदात यातलं किती होतं?"

"एक ओळ," संज्या म्हणाला.

मला विचाराल तर कागद वाचण्यात वाईट काही नाही. वाचल्यानं कुणाचं एक एकरही परत आलेलं नाही, एवढंच. अण्णांची पद्धत मला जास्त पटते: कुठली जमीन, कितीला गेली, तो पैसा कुठल्या निधीत बसला आणि आजही त्यावर व्याज येतंय का, हे लिहून काढा. मग माईक धरा.

काही ठिकाणी हिशेब फीपर्यंत पोचलाय. कोलोरॅडोतलं फोर्ट लुईस कॉलेज १९११ पासून मूळनिवासी मुलांकडून ट्यूशन फी घेत नाही. त्यात विद्यापीठाचं मोठं मन वगैरे काही नाही. केंद्र सरकारनं ती जागा राज्याच्या हवाली करतानाच तशी अट घातली होती. मिनेसोटा विद्यापीठानं २०२२ पासून राज्यातल्या ११ मूळनिवासी जमातींच्या मुलांना घरचं उत्पन्न बघून सवलत दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठानं त्याच वर्षी केंद्र सरकारची मान्यता असलेल्या जमातींच्या, राज्यात राहणाऱ्या मुलांची फी माफ केली.

"मान्यता असलेल्या?" अण्णांचे कान टवकारले. "आणि नसलेल्या?"

त्यांना ती माफी नाही. कॅलिफोर्नियात अशा जमाती बऱ्याच आहेत. जमीन गेली, लोक पांगले, सरकारदरबारी नावच राहिलं नाही. त्यांच्या मुलांसाठी शेवटी ग्रॅटन रँचेरिया या दुसऱ्या एका जमातीनंच २५ लाख डॉलर दिले.

"म्हणजे ज्यांचं गेलं, त्यांनीच वर्गणी काढली?" मी म्हटलं.

"आता त्यात विद्यापीठाचा काय दोष? यादी केंद्राची," संज्या म्हणाला.

"तीस वर्षं मीही हेच सांगत आलो रे. नोंद नाही, माझ्या हातात काही नाही," अण्णा म्हणाले. "पण नोंद उडाली कुणामुळं, हे विद्यापीठाच्याच दप्तरात सापडतंय ना? मग त्यांनीच द्यावा की दाखला."

"विद्यापीठ कसं दाखला देईल?" संज्या पुन्हा उसळला आणि मेघानं आणखी चार कटिंग सांगितले.