केळ्यावर आयोडीन टाकून शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवू नका

मागच्या आठवड्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला, आवाज रडवेला. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'केमिकलवालं फळ घरीच ओळखा' असा मेसेज आला होता, तो वाचून तिनं मीच नेऊन दिलेल्या फणीतलं एक केळं कापलं, वर आयोडीनचा थेंब टाकला आणि फोड काळीनिळी झाली. आपल्याच बागेतली केळी, मी स्वतः कापलेली, देठाकडे अजून हिरवट होती. संध्याकाळी तोच मेसेज फिरत फिरत बाबांच्या मोबाईलवर. रावेर तालुक्यात ४० वर्षं केळी लावणारा माणूस मला विचारतो, "काय रे भो, आपुन इतके वर्स लोकायले जहर चारत होतो का?" त्या रात्री ते नीट जेवले पण नाहीत, म्हणून हे लिहितोय.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत: आयोडीननं फळ काळं पडलं तर केमिकल, पाण्यात बुडलं तर नैसर्गिक आणि तरंगलं तर कार्बाइड (फळं झटपट पिकवायचं केमिकल), फळ झाडावरच पूर्ण पिकायला हवं म्हणून हिरवं तोडणारा शेतकरी फसवतो, रसातली साखर मोजणाऱ्या मीटरवर आकडा १२ च्या खाली असताना तोडलेलं फळ कच्चं, आणि सालीच्या रंगावर जाऊ नका.

आधी आयोडीनचंच बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच मुद्दा करतोय. आयोडीन कशानं काळंनिळं होतं? स्टार्चनं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून दाखवायचे ना, तेच. भातावर टाका, पावावर टाका, काळंच होणार, मग काय तांदळात कार्बाइड आहे का? कच्च्या केळ्याच्या गरात साधारण २० टक्के स्टार्च असतो, केळं पिकत जातं तशी त्याची साखर होते आणि पूर्ण पिकल्यावर एखाद-दोन टक्केच उरतो. म्हणजे बहिणीला जे दिसलं ते एवढंच, की केळं अजून पुरतं पिकलेलं नाही. तीच फणी चार दिवस टोपलीत राहू दे आणि परत थेंब टाक, डाग फिका पडलेला दिसेल (थेंब टाकलेली फोड मात्र फेकून द्यायची, खायची नाही). बाहेरून पिवळं आणि आतून कच्चं फळ यानं सापडू शकतं हे मान्य, पण ते कशानं पिवळं केलं हे आयोडीन सांगू शकत नाही.

आणि संताप याचा येतो की ही टेस्ट मुळात शेतकऱ्याची आहे! सफरचंदवाले ती फळ तोडणीला आलं का हे बघायला वापरतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं १९९२ मध्ये ब्लॅनपाइड आणि सिल्सबी यांचा त्यासाठीचा तक्ता छापला, सफरचंद आडवं कापायचं, आयोडीन लावायचं, आणि काळा भाग किती उरला त्यावरून १ ते ८ नंबर द्यायचा. १ म्हणजे सगळं काळं, अजून कच्चं. ८ म्हणजे स्टार्च संपला. जास्त दिवस साठवायचं फळ थोडा काळा भाग शिल्लक असतानाच तोडतात. म्हणजे ज्या डागावरून तिकडे बागायतदार तोडणीचा दिवस ठरवतो, त्याच डागावरून इकडे आमच्या बापाला विष घालणारा म्हणायचं.

आता झाडावर पिकण्याचं. केळी झाडावर पिकू दिली तर साल फाटते, गर पिठूळ होतो, घडातली वरची फणी पिकते आणि खालची हिरवीच राहते. माझ्या चुलतभावानं मागच्या वर्षी असल्याच मेसेजवर विश्वास ठेवून ३० घड 'नैसर्गिक' म्हणून राखले, निम्मे पाखरांनी आणि उन्हानं नेले, बाकीचे वापसीत, म्हणजे नाकारलेल्या मालात गेले. केळं तोडल्यावर पिकतं, ती त्याची जातच आहे, आंबा, पपई, सीताफळ, चिकूही तसेच. म्हणून कटाईला आलं का हे आम्ही निसवणीपासूनचे, म्हणजे घड बाहेर पडल्यापासूनचे दिवस मोजून बघतो, साधारण ९० ते १२० दिवस, थंडीत जास्त. कंगोरे मोडून गोलाई आली का ते बघतो, दिल्लीकडे जाणारी गाडी असेल तर पाऊण भरल्यावरच कापतो. मोसंबी-डाळिंब मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत, ती झाडावरच तयार व्हावी लागतात, आणि हा फरक मेसेजवाल्याला माहीतच नाही.

मीटरचा मुद्दाही इथंच संपतो. द्राक्ष-मोसंबीला ठीक, पण कच्च्या केळ्यात साखर जवळजवळ नसतेच तर मीटर काय दाखवणार?

पाण्याच्या बाबतीत अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. तयार झालेला आंबा पाण्यापेक्षा किंचित जड होतो आणि बुडतो, कोवळा तरंगतो, हापूसवाले तसं निवडतातही. पण त्यातून आंबा भरला का एवढंच कळतं, कार्बाइड कळत नाही. भरलेला आंबा कार्बाइडनं पिकवला तरी बुडणारच. आणि सफरचंदात पाव भाग हवा असते, ते कायम तरंगतं, पपई आतून पोकळ. मग सगळ्यांना कार्बाइडवाले म्हणायचं का?

रंगाचं खरं आहे. आपल्याकडची मोसंबी रात्री गार झाल्याशिवाय पिवळी होत नाही, हिरवी असतानाही गोड असते. उलट पपईला डोळा पडला, म्हणजे सालीवर पिवळी छटा आली की तोडायची, तिथं रंगच सांगतो.

कार्बाइड वापरणारे आहेत, ते मी झाकत नाही. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत त्यावर बंदी आहे, त्यात आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात, आणि कुठं सापडलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, मी सोबत येईन. पण रायपनिंग चेंबरमध्ये (फळं पिकवायच्या बंद खोलीत) इथिलीन वायू देतात तो वेगळा. फळ स्वतःच तो सोडतं, म्हणून तर पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवलेलं कच्चं केळं लवकर पिकतं, आणि ठराविक प्रमाणात तो वापरायला परवानगी आहे.

बहिणीला सगळं फोनवर समजावलं. तिनं उरलेल्या केळ्यांवर परत थेंब टाकून फोटो पाठवले, पहिल्या दिवशीचा काळा, पाचव्या दिवशीचा जवळजवळ पिवळा. ते दोन्ही फोटो मी बाबांना दाखवले, आणि आता तेच फोटो तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला सांगितलेत.