फ्राइजचा मुहूर्त

ज्या धंद्याचे सगळे वैभव ‘कोणत्याही शाखेत जा, चव तीच’ या एका वचनावर उभे आहे, त्या धंद्याच्या नेमक्या कोणत्या शाखेत आणि नेमके किती वाजता जावे यावर आमच्या घरात जेवढा खल होतो, तेवढा राहते घर घेतानाही झाला नव्हता. हा खल मी एकटाच करतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुलीला बर्गर हवा असतो आणि तो तिला कुठलाही चालतो. पत्नीला बसायला जागा हवी असते. मला मात्र फ्राइज ताज्या हव्या असतात आणि रांग नको असते. या दोन मागण्या एकमेकींच्या सवती आहेत, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

तळणीतून निघालेल्या फ्राइजचे तारुण्य काही मिनिटांचे असते. बटाट्याच्या आतला ओलावा बाहेरच्या कुरकुरीत कवचात शिरत राहतो आणि पाहता पाहता काडीची वात होते. वर लावलेले दिवे ऊब टिकवतात, कुरकुरीतपणा टिकवणे त्यांच्या हाती नसते. दुकानात झुंबड असली की एक खेप संपायच्या आत दुसरी तेलात पडते. शुकशुकाट असला की तीच खेप गिऱ्हाइकाची वाट पाहत दिव्याखाली निजून राहते. म्हणजे ज्या गर्दीच्या नावाने मी बोटे मोडतो, तीच गर्दी माझ्या फ्राइज ताज्या राहाव्यात म्हणून तिथे ताटकळत असते. मला हवी असलेली शाखा अशी, की जिथे मी पोचायच्या पाच मिनिटे आधीपर्यंत पाय ठेवायला जागा नसावी आणि मी दार ढकलताच सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवावे.

यावर एका जाणकार मित्राने तोडगा सांगितला होता. फ्राइज बिनमिठाच्या मागवायच्या. तयार खेपेवर मीठ पडलेले असते, त्यामुळे आपल्यासाठी नवी खेप तळावीच लागते. तोडगा अचूक होता. काउंटरवरच्या मुलाने ‘थोडा वेळ लागेल’ म्हणत आत सांगितले आणि खरोखरच धगधगीत फ्राइज हाती आल्या. मग मी कोपऱ्यातल्या टेबलावर, काउंटरकडे पाठ करून, खिशातून मिठाची पुडी काढली आणि जुगाराचा पत्ता बदलावा तशा हलक्या हाताने ती फोडली. ‘बाबा, तुला मीठ चालत नाही ना?’ असे मुलीने विचारले, तेव्हा तिचा आवाज शाळेच्या प्रार्थनेला लागतो तेवढा होता. त्या शाखेत मी पुन्हा गेलेलो नाही.

शाखा बाद होण्याची इतर कारणे याहून कमी लाजिरवाणी आहेत. मॉलमधल्या शाखेला स्वतःच्या खुर्च्या नसतात. तिथे जेवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून त्याच्या घासांवर लक्ष ठेवावे लागते, आणि आपण बसलो की तेच लक्ष आपल्या मानेवर जाणवू लागते. चित्रपटगृहाशेजारची शाखा तासन्‌तास निपचित पडलेली असते आणि खेळ सुटताच तिच्यावर धाड पडते. महाविद्यालयासमोरच्या शाखेत एका शीतपेयावर पाच जण सबंध दुपार काढतात. त्यांचा पेला कधी रिकामा होत नाही आणि फोन कधी पूर्ण चार्ज होत नाही. खेळघर असलेल्या शाखेविषयी एवढेच सांगतो की मुलीचा एक मोजा अजून तिथेच आहे.

जागेचे एक वेळ जमते, वेळेचे जमत नाही. हल्ली फोनवरच्या नकाशात कोणत्या दुकानात कोणत्या तासाला किती गर्दी असते याचे उभे दांडे दिसतात. मी ते दांडे एखादा शल्यविशारद क्ष-किरणाचे चित्र पाहतो तसे पाहतो. दुपारचा उंच दांडा, संध्याकाळचा त्याहून उंच, आणि दोहोंच्या मधली दरी. माझा सगळा जीव त्या दरीत असतो. अडचण एवढीच की ती दरी शहरातल्या इतरांनाही दिसते. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली नेमके हेच दुखणे मांडले होते. अमेरिकेतल्या सांता फे शहरात एल फारोल नावाचा एक बार आहे. समजा, शंभर जणांना तिथे जायचे आहे, पण साठपेक्षा जास्त जमले तर मजा जाते. तर प्रत्येकाने घरी बसून काय ठरवावे? आज गर्दी नसेल असा अंदाज सगळ्यांनी केला तर सगळेच जातात आणि अंदाज खोटा ठरतो. गर्दी असेल असा केला तर कुणीच जात नाही आणि तोही खोटाच ठरतो. मी हे सारे पत्नीला समजावून सांगितले. ‘मग आपण निघायचे की नाही?’ एवढेच तिने विचारले.

गेल्या शनिवारी मात्र मला सगळी गणिते जुळल्यासारखी वाटली. घरापासून सर्वांत जवळची शाखा कचेऱ्यांच्या गल्लीत असल्यामुळे मी ती कायम टाळत आलो होतो; पण शनिवारी कचेऱ्या बंद असतात, ही साधी गोष्ट इतकी वर्षे माझ्या लक्षात आली नव्हती. आम्ही दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी आत शिरलो. खुर्च्या रिकाम्या, काउंटरसमोर एक माणूस नाही, आणि आतून तळणीचा चर्रर असा आवाज येत होता, म्हणजे खेपही ताजी. मी पत्नीकडे वळून पाहिले. तिने मान्य केल्यासारखी मान हलवली, असे मला तरी वाटले.

टचस्क्रीनने माझ्याकडून ऑर्डर घेतली. पेय मोठे हवे का, सोबत गोड काही हवे का, नक्की नको का, असे तिने आग्रहाने विचारले. लाकडी पाटाची जागा काचेने घेतली तरी आग्रह सुटलेला नाही. टोकन आले ७६. मी समोरच्या पडद्याकडे पाहिले. तिथे ४१ तयार होत होता.

आमच्या पुढचे पस्तीस कुठे होते, हे मला दहा मिनिटांनी कळले. दार उघडून एक हेल्मेट आत आले, त्यामागे दुसरे, मग तिसरे. काउंटरच्या कडेला कागदी पिशव्यांची जी भिंत होती, ती मी मघाशी सजावट समजलो होतो. रांग होती, फक्त ती दुकानात उभी नव्हती. ती आपापल्या घरी सोफ्यावर पाय पसरून बसली होती. त्या रांगेचा दांडा नकाशात उमटत नाही, कारण तिथे माणसे मोजतात, भुका मोजत नाहीत. मिनिटाला एक ऑर्डर निघत असेल तर पस्तीस ऑर्डरींना पस्तीस मिनिटे, हे कळायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. मुलीनेच ते बोटांवर मोजून सांगितले.

वेळ काढण्यासाठी मी तिला या साऱ्याचा इतिहास ऐकवू लागलो. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्डिनो गावातले आपले उत्तम चाललेले उपाहारगृह काही महिने बंद ठेवले, पदार्थांची यादी कापून नऊवर आणली, गाडीपाशी खाणे पोचवणाऱ्या मुलींना रजा दिली आणि गिऱ्हाइकाला खिडकीशी यायला लावले. हेतू हा की कुणालाही थांबावे लागू नये. ‘आणि आपण किती वेळ थांबलोय?’ मुलीने विचारले. पडद्यावर ५८ आला होता. गाडीपाशी खाणे नेणाऱ्यांना ज्या धंद्याने एके काळी घरी पाठवले, तोच आता खाणे घेऊन लोकांच्या घरी माणसे पाठवतो, हे मी तिला सांगणार होतो, पण ती ट्रेवरच्या कागदावर चित्र काढायला निघून गेली. आम्हाला अजून ट्रे मिळालेला नसल्याने तो कागद तिने शेजारच्या टेबलावरून उचलला होता.

एवढ्यात एका हेल्मेटवाल्याने काउंटरवरून पिशवी उचलली आणि पावती वाचण्यासाठी ती जरा तिरकी धरली. पत्नीची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे.

‘आपल्याच इमारतीचं नाव आहे,’ ती म्हणाली. ‘तिसरा मजला.’

म्हणजे माझ्या समोरून, माझ्या मुहूर्तावर तळलेल्या फ्राइज, माझ्याच जिन्याने वर जाणार होत्या. पण बंद पिशवीत वाफ कोंडते, पाच मिनिटांच्या वाटेत कवच मऊ पडते आणि दार उघडेपर्यंत त्या काड्यांची वात झालेली असते, हे मी तिला शास्त्रोक्त पद्धतीने समजावले.

‘असेल,’ ती म्हणाली, ‘पण खाऊन होईल त्यांचं.’

पडद्यावर ५९ आला.